हुलग्यावरून गाडी घाला: भीमेपलीकडे जाणाऱ्यांसाठी

यंदाच्या डिसेंबरात आम्ही राशीनच्या बाजूला गाडीने गेलो आणि गाडीत मी डावीकडे बसलो. मला ओळखणाऱ्यांना या वाक्याच्या उत्तरार्धाचे गांभीर्य लगेच कळेल.

लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. एवढा काळ आमच्या घरात स्टिअरिंग माझ्या हाती होते आणि बाकी सगळा कारभार शैलाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या. जूनमध्ये माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याने असहकार पुकारला. ऑपरेशन झाले. आता वाचता येते, मुलांच्या संस्कृतच्या वह्यांतल्या चुका पूर्वीइतक्याच स्पष्ट दिसतात, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. किती दिवस, असे विचारल्यावर ते म्हणाले, दिवसांत मोजू नका. पुण्याचे डॉक्टर. रोग आणि भ्रम एकाच वाक्यात काढून टाकतात.

त्याच आठवड्यात शैलाने वारज्यातल्या एका ड्रायव्हिंग क्लासात नाव घातले. वय एक्कावन्न. बरोबरची मुले अठरा-एकोणीसची, तिला मावशी म्हणायची आणि तिची गाडी बंद पडली की मागून टाळ्या वाजवायची. ती शिकली, परीक्षा पास झाली, आणि दिवाळीपर्यंत वारजे ते कर्वेनगर एवढ्या साम्राज्यात निर्वेधपणे भाजी आणू लागली. पण गाडी ती भाजीसाठी शिकलीच नव्हती.

तिची आई ऐंशीच्या पुढची आहे. राशीनच्या अलीकडे एका वस्तीवर, म्हणजे गावाबाहेर रानात बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात, एकटी राहते. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना पाहुणे आवडतात, ब्लॉग वाचून आलेले आवडतील की नाही याची खात्री नाही. दर पंधरा दिवसांनी शनिवारी आम्ही जायचो. गोळ्या डबीत भरून ठेवायच्या, रक्तदाब तपासून आणायचा, रविवारी दुपारपर्यंत माय-लेकींनी बोलायचे आणि मी लिंबाखाली वह्या तपासायच्या. जूनपासून ते बंद पडले. एकदा एसटीने जाऊन पाहिले. दोन गाड्या बदलल्या आणि फाट्यावरून पुढचे चार किलोमीटर चालत गेलो.

शैलाचा थोरला भाऊ बंगळुरूला असतो. दसऱ्यानंतर त्याने फोनवर सांगितले की आता पुरे झाले, संक्रांतीला आईला पुण्याला घेऊन या, जमीन वाट्याने देऊन टाकू. सासूबाई त्यावर भांडल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, की शैलीला गाडी घेऊन येता येत असेल तर मी इथे राहते, नाहीतर तुम्ही म्हणाल तिथे येते. एका म्हातारीचे घर असे तिच्या लेकीच्या क्लचवर येऊन टेकले.

म्हणून हा प्रवास. मी मार्गदर्शक म्हणून बरोबर गेलो. ते पद मीच निर्माण केले होते आणि त्यावर नेमणूकही मीच केली होती.

साडेसहाला वारजे सोडले. सोलापूर रस्त्याला लागणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की हडपसर सातच्या सुमारास पार झाले तर ते उपनगर असते आणि नऊला गेलात तर ते प्रारब्ध असते. शैला पहिले वीस किलोमीटर एक शब्दही बोलली नाही. मी मात्र बोलत होतो. ती ब्रेक लावायच्या आधी माझा उजवा पाय खालची चटई दाबत होता. मांजरी गावाच्या आसपास ती म्हणाली, "अहो, चटई नवीन आहे. भोक पाडू नका."

लोणी, उरुळी सोडल्यावर रस्ता मोकळा होतो आणि पुणेकर चालक तिथेच फसतो. मोकळा रस्ता म्हणजे एका दिशेचा रस्ता, असा त्याचा समज असतो. इथे दुभाजकाच्या तुमच्या बाजूने, अगदी कडेने, समोरून मोटारसायकल येते. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असतात आणि चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर कुठलाही अपराधभाव नसतो. त्याचे घर तीनशे मीटरवर आहे, तुमचा दुभाजक त्याला दीड किलोमीटर फिरवतो. त्याच्याशी वाद घालू नये. डावी कड त्याची आहे असे समजून चालवावे. आपल्याला मधला भाग पुरतो.

चौफुल्याच्या पुढे मिसळ खाल्ली. दोघांची मिसळ, चहा आणि एक जादा पाव, सगळे मिळून दोनशेच्या आसपास. तिथे गाडी लावताना शैलाने तीन वेळा मागे-पुढे केले आणि शेवटी तशीच तिरकी ठेवली. गाडी मागे घेणे हा तिचा कच्चा विषय. क्लासात तो एका दिवसात उरकतात, आम्ही शाळेत जसा शेवटचा धडा उरकतो तसा. हॉटेलवाल्याने गाडीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि मला विचारले, "साहेब, तुम्ही चालवत न्हाई का?" मी डोळ्याकडे बोट दाखवले. त्याने मान हलवली आणि तिला जादा रस्सा वाढला.

पाटस गेल्यावर ऊस सुरू होतो. हंगामात या रस्त्यावर येणाऱ्याने ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या या प्रकरणाचा अभ्यास करूनच निघावे. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हात-दीड हात बाहेर आलेला असतो. मागे दिवा नसतो. असला तर उसाच्या आत असतो. चालकाशेजारी मोठा स्पीकर असतो, त्यामुळे तुमचा हॉर्न हा तुमचा खाजगी छंद ठरतो. मी शैलाला सांगितले, वाजव. ती म्हणाली, "त्याला ऐकू जायचं नाही, मागच्यांना मात्र वाटेल की मी घाईत आहे." ती दहा मिनिटे ट्रॉलीमागे वीसच्या वेगाने चालत राहिली. मागून हॉर्नची आरती सुरू झाली. ती हलली नाही. मग चढ संपला, ट्रॅक्टरवाल्याचा हात बाहेर आला आणि त्याने पुढे जा म्हणून सावकाश हलवला. तेव्हाही तिने आधी स्वतः डोकावून पाहिले, मगच काढली. हात हलवणाऱ्याला तुमची काळजी असते, पण त्यालाही पुढचे वळण आरपार दिसत नसते.

भिगवणला मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळायचे. पुढे उजनीच्या फुगवट्यावरचा पूल लागतो. हिवाळ्यात पाण्यात रोहित पक्षी उतरलेले असतात आणि पुलावर पुण्याच्या गाड्या. पक्षी पाहायचेच तर भिगवणला नावाडी मिळतात, त्यांच्याकडे जावे. पुलाच्या मधोमध गाडी थांबवून दारे सताड उघडणाऱ्यांना पक्षी दिसतात की नाही मला ठाऊक नाही, पक्ष्यांना ते निश्चित दिसत असावेत.

पूल ओलांडला की शैलाची भाषा बदलते. हे मी सत्तावीस वर्षे पाहतो आहे. वारज्यात 'आहे' म्हणणारी बाई भीमा ओलांडताच 'हाय' म्हणते आणि काच खाली करते. पहिल्यांदा आलो तेव्हा काच नव्हती, स्कूटर होती. लग्नाला महिना झाला होता. पुण्याहून स्कूटरने बायकोला माहेरी नेणारा जावई त्या पंचक्रोशीने पाहिला नव्हता, आणि आमची कंबर पाहता पुन्हा तसा प्रसंगही आला नाही. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंब आणि चिंचा होत्या, सावली एका बाजूची दुसरीला टेकायची. डांबर एका गाडीपुरते. मैलाच्या दगडांवर बसून आम्ही दोनदा शेंगा खाल्ल्या. आता बराच रस्ता रुंद झाला आहे, झाडे गेली, दगडही गेले. प्रवास लवकर होतो. लवकर पोचून काय करायचे, हे मात्र अजून कोणी रुंद करून दिलेले नाही.

या भागात काही खुणा वाचता याव्या लागतात. रस्त्यात झाडाची हिरवी फांदी पडलेली दिसली तर ती वाऱ्याने पडलेली नसते. पुढे वळणावर कोणाची तरी गाडी बंद पडलेली असते आणि फांदी हा तिचा निरोप असतो. फांदी सुकलेली असेल तर गाडी गेलेली असते, पण चाकाला लावलेले धोंडे तिथेच असतात. गतिरोधकाला रंग नसतो. तो शाळेपुढे असतो, देवळापुढे असतो, आणि जिथे दोन्हींपैकी काही नसताना असतो तिथे समजावे की एखादा पुढारी राहतो. मेंढ्यांचा कळप आला तर गाडी बंद करून थांबावे. हॉर्न वाजवला तर मेंढ्या पांगत नाहीत, चौकशीला जवळ येतात. रस्ता विचारायचा तर, हाच रस्ता अमक्या गावाला जातो का, असे विचारू नये. पाहुण्याला नाही कसे म्हणायचे, म्हणून होय म्हणतात. हा रस्ता कुठे जातो, असे विचारावे. मग माणूस हातातले काम खाली ठेवून सांगतो.

एवढे सगळे मी शैलाला सांगत होतो आणि ती हुंकार देत होती. यातले निम्मे मला तिनेच पूर्वी सांगितले होते, हे मला घरी येऊन लिहिताना आठवले.

फाट्यावरून आत वळलो. इथला रस्ता जुनाच, एका गाडीपुरता. दोन्हीकडे गुडघाभर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. वळण घेतले आणि समोर पन्नास-साठ पावले डांबर दिसेना. रस्ताभर वाळलेला हुलगा पसरलेला होता, वेल आणि शेंगा, तपकिरी, वीतभर जाड. पुण्यात ज्याला कुळीथ म्हणून पाकिटात घेतात तेच हे धान्य. कडेला बाभळीखाली एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊन बसले होते.

शैलाने वेग कमी केला. मी तत्परतेने म्हणालो, "वरून नको. डावीकडून घे, खालून."

याला इतिहास आहे. त्या स्कूटरच्या फेरीत, याच रस्त्यावर, माझ्या सासऱ्यांनी असाच हुलगा पसरला होता. त्यांनी हात आडवा करून नव्या जावयाला सांगितले होते की कडेने घ्या, वरून नका. मी ते मनात कोरून ठेवले. अन्नाला पाय लागू नये हा संस्कार घरचा होताच, त्यात सासऱ्यांची आज्ञा मिळाली. त्यानंतर कित्येक हिवाळे मी मोटार मोठ्या श्रद्धेने रस्त्याखाली उतरवून कडेने नेत आलो आणि प्रत्येक वेळी आपण पुणेरी असूनही शेतकऱ्याच्या मालाची कदर करतो, याचे समाधान बाळगले.

शैलाने डावीकडे घेतले. आदल्या रात्री शाळूला पाणी दिलेले होते आणि ते दंडातून, म्हणजे शेतातल्या पाटातून, फुटून रस्त्याच्या कडेला आले होते. वरून माती सुकलेली दिसत होती. काळी माती अशीच असते, वरून शहाणी. डावी दोन्ही चाके रुतली, गाडी एका बाजूला कलली, आणि शैलाने घाबरून रेस केल्यावर आणखी खाली बसली. मग इंजिन बंद पडले. शैलाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. घर चार किलोमीटरच्या आत होते आणि ती हळूच म्हणाली, "दादाचं बरोबर आहे."

काठीवाले गृहस्थ सावकाश उठून आले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग माझ्या खिडकीशी वाकले.

"पाव्हणं, रस्ता सोडून कुठं निघालात?"

मी सांगितले की आपल्या धान्यावरून गाडी जाऊ नये म्हणून. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. काही माणसे तुमच्या उत्तराचा आदर म्हणून गप्प राहतात, काही उत्तर खरेच दिलेय की काय हे पाहण्यासाठी.

"आवं, गाड्या जाव्यात म्हणून तर डांबरावर टाकलंय. वाळवायला आमच्याकडं रान हाय की."

तेव्हा मला प्रथम कळले. हुलगा थोडा असतो, पोते-दोन पोती. तेवढ्यासाठी मळणीयंत्र परवडत नाही आणि मळणी तुडवायला आता बैल नाहीत. रस्त्याने जाणाऱ्या चाकांनी तो मळून निघतो. चाके जितकी तितके दाणे मोकळे. सासऱ्यांनी मला कडेने काढले, कारण स्कूटर हुलग्यावर घसरते. ती सवलत स्कूटरची होती. मी तिचा सार्वत्रिक नियम केला आणि सत्तावीस वर्षे त्यांच्या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांची फुकटची मळणी चुकवत आलो.

एव्हाना म्हाताऱ्यांनी चालकाच्या बाजूने डोकावले होते. "तू भानुदासची शैली न्हवं?"

"व्हय, तात्या."

"मग तू बी?"

"ह्यांनी सांगितलं." मग माझ्याकडे वळून, पुण्याच्या भाषेत, "मला माहीत होतं हो. लहानपणी मीच बसायची काठी घेऊन. पण इतकी वर्षं तुम्ही इतक्या ठामपणे कडेनं घेत आलात की वाटलं, मधल्या काळात नियम बदलला असेल."

तात्यांचा मुलगा शेजारच्या रानात होता, तो ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी बांधून दोन मिनिटांत गाडी वर काढली. मी खिशात हात घातला तसे तात्या म्हणाले, "ते राहू द्या. शैले, यावरनं धा येरझाऱ्या घाल. आन पाव्हणं हितं बसत्याल माझ्याजवळ."

म्हणजे मार्गदर्शकाला खाली उतरवले गेले. वळायला जागा नव्हती, त्यामुळे येरझारा म्हणजे पुढे जाणे आणि तेवढेच मागे येणे. पहिल्या वेळी मागे येताना तिची गाडी दोनदा बंद पडली आणि एकदा बाभळीकडे निघाली. मी उठलो. तात्यांनी काठी माझ्या गुडघ्यावर आडवी ठेवली. "बसा. येईल ती." मग तिला ओरडून सांगितले की नुसती आरशात बघू नको, मान वळव, मागं काय हाय ते डोळ्यांनी बघ.

पाचव्या खेपेला गाडी सरळ मागे आली. चाकांखाली शेंगा तडतडत होत्या. मधूनमधून तात्या उठून लाकडी दाताळ्याने वेल खालीवर करत. त्यांनी मला माझ्या सासऱ्यांच्या, भानुदासरावांच्या गोष्टी सांगितल्या. त्या काळी राशीनची मुक्कामी एसटी यायची तिचा ड्रायव्हर हुलगा पाहून मुद्दाम हळू घ्यायचा आणि परतीच्या फेरीला शेरभर हुलगे घेऊन जायचा. ट्रकवाले नाव विचारायचे, कुणाचा माल म्हणून. आता फटफटीवाले घसरतात म्हणून शिव्या देतात, मोठ्या रस्त्यावर टाकूच देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, तिथे वेग फार. या आतल्या रस्त्यावर टाकणारा मी एकटाच उरलोय, असे ते म्हणाले. तक्रार नव्हती. आज वार कोणता, हे सांगावे तसे सांगितले.

दहा झाल्या. शैला थांबलीच नाही, अकरावी घालून आली. उतरली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. तात्यांनी मला खाली वाकायला लावून गाडीच्या पोटाला गुंडाळलेले वेल काढून घेतले. हे वाचकांनी लक्षात ठेवावे: हुलग्यावरून सावकाश जावे, पण पुढे शंभर पावलांवर थांबून खाली बघावे. वाळलेला वेल तापलेल्या सायलेन्सरला लागला तर पेटतो. आणि मोटारसायकलवर असाल तर कडेने जावे, आधी माती पायाने दाबून बघावी.

सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी चिखलाने भरलेल्या डाव्या बाजूकडे पाहिले आणि पाने वाढायला आत गेल्या. जेवायला शेंगोळी होती, हुलग्याच्या पिठाची, लसूण घातलेली, आणि बाजरीची भाकरी. मी तीन वेळा वाढून घेतली. मी त्या धान्याचे एवढे देणे लागत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना रक्तदाब दाखवायला राशीनला न्यायचे होते. सासूबाई पुढे बसल्या, मला मागे पाठवले. मागच्या आसनाला दाबायला चटईही नसते. कॅनॉलच्या छोट्या पुलाजवळ आलो आणि समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या. अशा रस्त्यावर कोणी खाली उतरायचे याचा इथे अलिखित कायदा आहे: रिकामा उतरतो, भरलेला उतरत नाही, आणि एसटी कधीच उतरत नाही. पण आमच्या दोन्ही बाजूंना पाणी होते, उतरायला जागाच नव्हती. मागे, दीडशे पावलांवर, एका वस्तीचे तोंड होते. ट्रॅक्टर थांबला. त्याने इंजिन चालू ठेवून स्पीकर बंद केला. इतका शिष्टाचार मी शहरात पाहिलेला नाही.

शैलाने आईकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. तिने गिअर टाकला, डावा हात आईच्या आसनामागे ठेवला आणि मान पूर्ण वळवली. तिचा चेहरा माझ्या समोर आला, पण नजर माझ्या आरपार मागच्या काचेवर होती. गाडी हळूहळू, सरळ, मागे जाऊ लागली. मी मान वळवून रस्ता बघत होतो, सासूबाई मात्र तो बघतच नव्हत्या. त्या लेकीकडे बघत होत्या. गाडी वस्तीच्या तोंडात शिरली, ट्रॉल्या पाचटाचा पाऊस पाडत निघून गेल्या, ट्रॅक्टरवाल्याने कपाळाला हात लावला.

सासूबाई म्हणाल्या, "तुझा बाप गाडीबैल मागं घेताना अशीच मान वळवायचा."

 गाडी पुन्हा रस्त्यावर काढायला शैलाला थोडा वेळ लागला, आणि त्याचे कारण रस्ता नव्हता.

राशीनला दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या सासूबाईंनी माझ्याकडे फोन मागितला, मुलाला लावायला सांगितले आणि एवढेच बोलल्या: "ऐक. म्या येत न्हाई. शैली येतीय." पलीकडून बराच वेळ काही बोलणे चालले होते. त्यांनी ते ऐकून घेतले आणि फोन माझ्याकडे दिला. त्यांच्या बाजूने विषय संपला होता.

परतताना भिगवणला मासे खाल्ले. चिलापीचे कालवण, भाकरी, भात. एका ताटाचे दोनशेपेक्षा थोडे अधिक. शैलाने गाडी लावली ती एकाच प्रयत्नात, दोन टेम्पोंच्या मध्ये. मी तिच्याकडे पाहिले तर म्हणाली, "जेवा, काटे असतात." हडपसरला संध्याकाळची गर्दी लागली आणि तिने पहिल्यांदाच एका पुणेकराला काच खाली करून पुणेरी उत्तर दिले. ते इथे लिहिता येण्यासारखे नाही, पण वृत्तबद्ध होते.

हे सगळे लिहायला मला पंधरा दिवस लागले. मध्ये पुढचा शनिवार आला. शैला म्हणाली की ती एकटीच जाणार. मी बरोबर असलो की तिला दोन रस्त्यांकडे लक्ष द्यावे लागते. युक्तिवादात दोष सापडला नाही. साडेसहाला ती गेली.

म्हणून शेवटचा सल्ला घरी राहणाऱ्यांसाठी. जाणाऱ्या माणसाला फोन करू नये. वाजणारा फोन हा रस्त्यातला सर्वांत वाईट खड्डा. मी फोन टेबलावर ठेवला, शेजारी पोहे ठेवले आणि वह्या काढल्या. एकही वही तपासली गेली नाही. सातला मी हडपसरला होतो. आठला यवतला, आणि तिथे धुके असेल का असा विचार करत होतो. नऊच्या सुमारास पाटसच्या पुढे एका ट्रॉलीमागे अडकलो आणि कोणीतरी हात हलवण्याची वाट बघत बसलो. डोळे मिटले की दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसते, हा शोध मला त्या सकाळी लागला. लिंब-चिंचांच्या सावलीसकट सगळा रस्ता दिसत होता, जो शैलाला आता दिसणार नव्हता. आणि तिला जो दिसत होता, तो मला दिसत नव्हता. मी चालवत होतो तेव्हा त्या रस्त्यावर आम्ही दोघे एकाच ठिकाणी असायचो. आता ती पुढे गेली होती. वाईट वाटले म्हणावे तर तसे नाही. पण पूल ओलांडताना तिने 'हाय' म्हटले असेल तेव्हा ऐकायला गाडीत कोणी नव्हते, हे सारखे मनात येत होते.

साडेदहा वाजून गेले. पावणेअकराला फोन वाजला. नंबर शैलाचा, आवाज सासूबाईंचा. सत्तावीस वर्षांत त्यांनी आपण होऊन मला कधी फोन केला नव्हता.

"जावईबापू, लेक पोचली," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही खाऊन घ्या."